निर्दोष दीर्घिका

साडू हे नातं कुणी ठरवून जोडत नाही. दोन बहिणींची लग्नं होतात आणि त्यांचे नवरे जन्मभर शेजारी शेजारी ठेवून तोलले जातात, एवढाच संबंध. केशवराव वऱ्हाडपांडे आणि मी असे गेली कित्येक वर्षं तोलले जात आहोत. तराजू माझ्या बायकोच्या, सुधाच्या हातात असतो, त्यामुळे पारडं कुणाकडे झुकतं ते सांगायला नको. "भाऊजींकडे बघा जरा. कधी कुणाला वाकडं बोलले नाहीत," हे तिचं ठरलेलं वाक्य. त्यावर मी म्हणतो की केशवराव वाकड्यालाही वाकडं म्हणत नाहीत, आणि याला गुण नाही, दृष्टिदोष म्हणतात. मग त्या दिवशी आमटीत मीठ कमी पडतं.

मी इथल्या, भोपाळच्या, मोठ्या सरकारी कारखान्यात तपासनीस होतो. निवृत्त झालो तरी कारखान्याला लागूनच, सोनागिरीत राहतो. तपासनिसाचं काम सरळ असतं. समोर नग येतो, त्याला माप लावायचं, पास किंवा बाद अशी खूण करायची आणि पुढचा घ्यायचा. बाद झालेल्या नगाला घरी गेल्यावर काय वाटेल, याचा विचार मला कधी करावा लागला नाही. केशवराव मात्र एका सरकारी खात्यात, विभागीय चौकशीच्या शाखेत होते. खात्याचं नाव सांगत नाही. सांगितलं असतं तरी खात्याला धोका नव्हता, कारण केशवरावांच्या कागदांप्रमाणे तिथे कधी काही गैर घडलेलंच नाही.

कुणा कर्मचाऱ्यावर आरोप झाला की प्रकरण केशवरावांच्या टेबलावर यायचं. ते दोन्ही बाजू वाचायचे, जबाब घ्यायचे, ते पुरे वाटले नाहीत म्हणून पुन्हा घ्यायचे आणि अखेर सुरेख सरकारी हिंदीत लिहायचे की आरोप सिद्ध होत नाहीत, सबब प्रकरण नस्तीबद्ध करावं. नस्तीबद्ध म्हणजे फाईल दोरीनं बांधून कपाटात. औषधं गोदामातून नाहीशी झाली? गोदामात उंदीर असल्याचं चौकीदारानं सांगितलं आहे. पूल वाहून गेला? नदीला पूर आला होता, आणि पुरावर आपल्या खात्याचं नियंत्रण नाही. बाकीचे अधिकारी निदान काहीतरी घेऊन सोडायचे, केशवराव फुकट सोडायचे. कुणी पेढ्यांचा पुडा आणला तर तोही परत पाठवायचे. यामुळे खात्यातली सगळी जाणती माणसं त्यांच्याकडे संशयानं बघत. घेतही नाही आणि सोडतोही, म्हणजे याचा डाव फार मोठा असणार!

डाव वगैरे काही नव्हता. एक शब्द होता. सरकारी हिंदीत चोरीला चोरी म्हणत नाहीत, अनियमितता म्हणतात. मराठीतही शब्द तोच आहे, पण मराठीत तो बिचारा गरीब आहे. पाऊस अनियमित, पाळी अनियमित, एस.टी. अनियमित, कुणाला राग येत नाही. मात्र भोपाळच्या मराठी माणसाच्या डोक्यात दोन्ही भाषा एकाच कपाटात घड्या करून ठेवलेल्या असतात, त्यामुळे हिंदीचा डाग मराठीला लागतो. केशवराव हा शब्द लिहीत नसत, एवढंच नाही, तोंडानं उच्चारतही नसत. नळाला कधीही पाणी येतं, त्याला ते म्हणत, "नळाला आपली सवड असते." विजयाताईंचे, म्हणजे त्यांच्या पत्नीचे, हृदयाचे ठोके अनियमित असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, तर यांनी घरी येऊन जाहीर केलं, "ठोके जरा स्वतंत्र वृत्तीचे आहेत." विजयाताईंना तो बरेच दिवस कौतुकाचा शेराच वाटत होता.

मी या गोष्टीवर खूप विनोद केले. मग एकदा सुधानं मला त्यामागचं कारण सांगितलं आणि माझे काही विनोद माझ्याच घशात अडकले. केशवरावांचे वडील बाळकृष्णपंत नागपूरचे. मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरहून भोपाळला आली तेव्हा कचेरीच्या कपाटांबरोबर तेही आले आणि पुढे तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहिले. केशवराव शाळेत असताना बाळकृष्णपंत निलंबित झाले. भांडारातले काही तंबू सापडत नव्हते, कागदावर आलं "अनियमितता". वसाहतीत ही बातमी पसरायला एक बादली भरण्याइतका वेळ लागला. ज्या घरांतून केशवरावांच्या आईला हळदीकुंकवाचं पहिलं बोलावणं येई, तिथून बोलावणी यायची थांबली. पोरं क्रिकेट खेळताना केशवरावांना हाक मारत, "ए अनियमितता, तू पीछे जा." चौकशी रखडत राहिली. निकाल आला तेव्हा बाळकृष्णपंत जाऊन वर्ष उलटलं होतं. ते निर्दोष होते. तंबू दुसऱ्या जिल्ह्यात गेले होते आणि त्यांची पोच भलत्याच फाईलला लागली होती.

ज्या शाखेनं बाप खाल्ला त्याच शाखेत मुलगा पुढे नोकरीला लागला आणि कुणाच्याही नावापुढे तो शब्द लिहायचा नाही असं व्रत घेऊन बसला. या व्रतामुळे बरेच चोर सुखरूप सुटले, असं मी आजही म्हणतो. फक्त ते म्हणताना आवाज थोडा खाली येतो. केशवरावांनी ही हकिगत आपल्या मुलीला कधी सांगितली नाही. मुलीनं आजोबांकडे भिंतीवरचा फोटो म्हणून बघावं, प्रकरण म्हणून नाही, असं त्यांना वाटत असणार.

ही मुलगी, मृणाल, पुण्याला एका संशोधन संस्थेत असते. इथेही भाषेनं घोटाळा केलेला आहे. हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती. अशोका गार्डनमधले केशवरावांचे शेजारी बरीच वर्षं समजत होते की मृणाल कायद्यात काहीतरी दुरुस्त्या करते, आणि ते तिच्याकडे आपल्या गल्लीच्या अतिक्रमणांच्या तक्रारी देत. ती खरं म्हणजे दीर्घिका, म्हणजे गॅलेक्सी, बघते. आकाशगंगा म्हणायचं नाही, आकाशगंगा हे फक्त आपल्या घरचं नाव. बाकीच्या सगळ्या दीर्घिका. पृथ्वीपासून दूर अंतराळात एक मोठी दुर्बीण सोडलेली आहे, ती फार लांबच्या, फार फिकट दीर्घिकांचे फोटो काढून पाठवते. त्यांचा उजेड निघाला तेव्हा पृथ्वीच झालेली नव्हती, असं मृणाल सांगते. फोटोत दिसतो तो मात्र काळ्या फरशीवर सांडलेल्या ताकाचा थेंब. त्या थेंबाचा आकार कसा आहे, हे कुणीतरी सांगायचं असतं. आकारावरून कळतं म्हणे, की त्या काळात विश्व कसं घडत होतं. संगणकाला ते अजून नीट जमत नाही, त्याला आधी माणसांनी शिकवावं लागतं. आणि एवढे थेंब बघायला शास्त्रज्ञांकडे वेळ नसतो. म्हणून रिकामटेकडी माणसं शोधायची.

रिकामटेकड्या माणसांच्या बाबतीत मृणालला लांब जावं लागलं नाही. भोपाळचं मराठी मंडळ होतंच. तिनं मराठीत एक छोटा प्रकल्प सुरू केला आणि आम्हा सगळ्यांना मोबाइलवर एकत्र बोलावून समजावलं. पडद्यावर चित्र येईल. खाली चार बटणं असतील. गोल. तबकडी. अनियमित. दीर्घिका नाही. बघा आणि दाबा. शब्द तिनं स्वतः निवडले होते. तिसरं बटण वाचलं तेव्हा सुधानं माझ्याकडे पाहिलं, मी केशवरावांकडे पाहिलं आणि केशवरावांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

मृणालनं आणखी एक गोष्ट सांगितली होती. "मधूनमधून मी अशी चित्रं घातलीत ज्यांचं उत्तर आम्हाला पक्कं माहीत आहे. कोणती ते सांगणार नाही. त्यात जो सारखा चुकेल, त्याची सगळी मतं शेवटी काढून टाकायची. हा नियम आत्ताच ठरवून ठेवतोय, नंतर कुणी म्हणायला नको की मनासारखं उत्तर यावं म्हणून माणसं गाळली." मला नियम आवडला. आमच्या कारखान्यातही नव्या तपासनिसासमोर मुद्दाम एखादा चिरलेला नग सरकवत असत.

मंडळी कामाला लागली. वसुधाताई रांगोळीच्या वर्गाच्या बाई आहेत, त्यांना प्रत्येक दीर्घिका कच्च्या हाताची रांगोळी वाटे आणि त्या "दीर्घिका नाही" दाबून मोकळ्या होत. मी माझ्या पद्धतीनं केलं. चित्र आलं, बघितलं, दाबलं. एका चहात मी विश्वाचा बराच मोठा भाग मोडीत काढत असे. केशवरावांनी मात्र सुनावण्या सुरू केल्या.

त्यांचं काम मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून ते संगणकासमोर बसत. जणू दीर्घिकाही त्यांना बघणार होती. चित्र आलं की मोठं करत, लहान करत, जवळचा चष्मा, लांबचा चष्मा, मान तिरकी करून एकदा. एक दीर्घिका चक्क मधोमध फाटलेली होती, कढईत टाकल्यावर फुटलेल्या साबुदाण्याच्या वड्यासारखी.

"आता ही तरी?" मी विचारलं.

"या दोन आहेत, मनोहरराव. शेजारी शेजारी उभ्या आहेत म्हणून काय झालं? आपणही उभे आहोत." त्यांनी "गोल" दाबलं.

पुढची एका बाजूला ओघळलेली होती. "मूळची तबकडी आहे," ते म्हणाले. "उजेड कमी आहे. पुरावा अपुरा आहे. संशयाचा फायदा दिला पाहिजे." तबकडी. तिच्या पुढची इतकी वेडीवाकडी होती की ती बघून माझी मान दुखली. केशवराव बराच वेळ विचार करत राहिले आणि मग त्यांना मार्ग सापडला. "ही घटना केव्हाची म्हणता? पृथ्वी व्हायच्या आधीची. इतकं जुनं प्रकरण उकरता येत नाही. आमच्याकडे तर निवृत्तीनंतर चार वर्षांत सगळं संपतं." तीही निर्दोष सुटली.

हसावं की रडावं, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही, म्हणून मी हसलो. निवृत्तीनंतर या माणसाला काही काम नव्हतं. अशोका गार्डनच्या घराच्या गच्चीवरून रेल्वेची लाईन दिसते. ते तिथे खुर्ची टाकून बसत आणि गाड्या किती उशिरा गेल्या ते विजयाताईंना येऊन सांगत. "आज पॅसेंजरला सवड नव्हती." विजयाताई ऐकून घेत, कारण त्यांचेही ठोके स्वतंत्र वृत्तीचे होते आणि दगदग करायची नव्हती. दीर्घिका आल्या आणि गच्चीवरची खुर्ची खाली आली. त्यांच्या बोलण्यात "मृणालच्या कामासाठी" हे शब्द यायला लागले. मंडळाच्या कोजागिरीला त्यांचा सत्कार झाला, शाल मिळाली, कारण प्रकल्पातली जवळजवळ सगळी चित्रं बघितलेला एकच माणूस होता. शाल देणाऱ्यानं त्यांना "आपले खगोलशास्त्रज्ञ" म्हटलं. केशवरावांनी दुरुस्ती केली, "मी फक्त बसतो." पण शाल घरी येईपर्यंत काढली नाही.

एका रविवारी मी पोहे आणि जलेबी घेऊन गेलो तेव्हा मृणालचा फोन चालू होता. तिचा आवाज सगळ्या खोलीत येत होता.

"बाबा, काल तुम्ही जी गोल म्हटली ना, ती तर साफ अनियमित आहे यार. मतलब लहान मूल पण सांगेल."

"तिचं म्हणणं काय आहे?"

"कुणाचं?"

"तिचं. दीर्घिकेचं."

मृणाल लहान मुलाला समजवावं तशी म्हणाली, "बाबा, हा आरोप नाहीये. नुसता आकार आहे. एकतर ती अजून नवी आहे, नीट बसायला वेळच मिळालेला नाही. नाहीतर दुसरी कुणीतरी येऊन तिच्यावर आदळली."

"मग आदळणारीच्या नावावर लिहा की. हिच्या नावावर कशाला लिहून राहिले?"

"बाबा, आप भी ना!" मृणाल हसली. तिला वाटलं बाबांचा हा आणखी एक तऱ्हेवाईकपणा. केशवरावही हसले. मी जलेबी तोंडात घातली, कारण त्या वेळी तोंड भरलेलं असणं बरं होतं.

वर्षभर हे चाललं. दरम्यान मृणालवरची टांगती तलवार मला सुधाकडून समजत होती. तिची नोकरी करारावरची. या कामावरचा पेपर निघाला तर करार पुढे सरकणार, नाहीतर तिनं पुण्यातलं घर आवरायचं. आणि पेपरमध्ये सांगायचं होतं ते हेच, की त्या आदिम काळात अनियमित दीर्घिका किती होत्या. म्हणजे मुलीचं भवितव्य ज्या एका शब्दावर उभं होतं, तो शब्द सोडून बाकी सगळी बटणं दाबण्यात बाप गढून गेला होता. याला दैव म्हणतात. आमच्या कारखान्यात याला दुसरा शब्द होता, तो इथे लिहिता येत नाही.

महालक्ष्म्यांना मृणाल भोपाळला आली. नागपूरकडच्या घरांत गौरी म्हणत नाहीत, महालक्ष्म्या म्हणतात, आणि त्यांच्या जेवणाला जो येत नाही त्याला पुढे वर्षभर टोमणे मिळतात. मी आणि सुधा वेळेवर हजर होतो. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळ्या, सगळं होतं. दोन्ही महालक्ष्म्या नव्या पैठण्या नेसून उभ्या होत्या. मृणाल खुशीत होती. पेपर तयार झाला होता, सोमवारी पाठवायचा होता. शेवटी आभारात बाबांचं नाव पहिलं घातलंय, हे तिनं सगळ्यांना सांगितलं. केशवराव वाढत होते. त्यांनी मला न मागता आणखी एक पोळी वाढली, त्यावरून त्यांना किती आनंद झाला होता ते मला कळलं.

आता माझा स्वभाव. पोटात पुरण गेलं की माझी जीभ सैल सुटते. मी म्हणालो, "मृणाल, एक सांग. आमच्याकडे एखादा तपासनीस सगळाच माल पास करायला लागला की त्याला कँटीनच्या कमिटीवर पाठवत. तू काय केलंस अशांचं?"

"काढले ना मौसाजी," ती म्हणाली. भोपाळात मावशीच्या नवऱ्याला मौसाजीच म्हणतात, पुण्याला कितीही वर्षं राहिलं तरी ते सुटत नाही. "नियमच होता. ओळखीच्या चित्रांत जे सारखे चुकले, त्यांची सगळी मतं काढली."

"सगळ्यांची?"

मी गमतीत विचारलं होतं. मला तिच्याकडून फक्त "अहो मौसाजी" एवढं हवं होतं. पण मृणालनं ताटाकडे पाहिलं आणि पोळीचा तुकडा मोडत बसली. विजयाताई म्हणाल्या, "तूप वाढू का गं?"

केशवरावांनी हातातलं ताट खाली ठेवलं. हात धुतले, पुसले आणि मृणालच्या समोर पाटावर येऊन बसले. मी त्यांना कचेरीत काम करताना कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं.

"ओळखीच्या चित्रांत मी चुकलो?"

"बाबा, जेवा ना आधी."

"चुकलो का?"

"हो."

"सारखा?"

"जेवढी अनियमित होती, ती सगळी."

"मग नियमाप्रमाणे माझी मतं काढली?"

केशवराव वाट बघत राहिले. जबाब देणाऱ्याला वेळ द्यायचा असतो, हे त्यांना चांगलं माहीत होतं. शेवटी ती म्हणाली, "नाही काढली. तुम्ही वर्षभर रोज बसलात, बाबा. सगळ्यांत जास्त चित्रं तुम्ही बघितलीत. मी दोनदा तुमच्या नावावर गेले, पण माझ्याच्यानं झालं नाही."

"ठेवली तर काय फरक पडतो?"

"विश्व जरा जास्त नीटनेटकं दिसतं."

"आणि काढली तर?"

"तर बरीच अनियमित निघतात. तेच खरं असणार. तेव्हा सगळं घडत होतं ना, एवढं नीट कसं असेल?" ती रडायला लागली. "कुणाला कळणार नाही, बाबा. थोडासाच फरक आहे."

केशवरावांचे ओठ हलत होते. नेहमीप्रमाणे ते एखादी पळवाट शोधतील, पुराबिराचं नाव काढतील, संशयाचा फायदा देतील, असं मला वाटलं, आणि खरं सांगतो, त्या दिवशी त्यांनी ती शोधावी असं मला मनापासून वाटत होतं. पोरीची नोकरी होती. सण होता. शेवटी बापच होता.

"मृणाल," ते म्हणाले, "हे अनियमित आहे."

विजयाताईंच्या हातातून तुपाची वाटी कलंडली. त्यांच्या सगळ्या संसारात हा शब्द त्यांनी नवऱ्याच्या तोंडून ऐकला नव्हता.

"तुझ्या आजोबांवर हा शब्द लिहिला होता," केशवराव म्हणाले. "तो खोटा होता, तरी त्यानं त्यांना संपवलं. तुझ्यावर कुणी लिहील तो खरा असेल. ते मी बघू शकणार नाही." मृणालनं डोळे पुसून त्यांच्याकडे पाहिलं. "आजोबांवर?" ती म्हणाली. "सांगतो," ते म्हणाले. "आधी लॅपटॉप आण."

मला काहीही बोलता आलं नाही. सुधाच्या मते त्या दिवसातलं सर्वांत मोठं आश्चर्य ते.

लॅपटॉप आला. दोन्ही महालक्ष्म्यांसमोर, उष्ट्या ताटांच्या मधोमध, मृणालनं नावांच्या रांगेतून बापाचं नाव शोधलं. केशवराव तिच्या मागे उभे होते. "बटण तूच दाब," ते म्हणाले, "चौकशी करणाऱ्यानं शिक्षा द्यायची नसते." तिनं दाबलं. वर्षभराच्या सकाळी, इस्त्रीचे सदरे, दोन्ही चष्मे, सगळं एका क्षणात गेलं. आवाजसुद्धा झाला नाही.

"आभारातलंही नाव काढ," ते म्हणाले. "ज्याची मतं काढली त्याचे आभार कसले?"

"ते नाही काढणार."

"कशाबद्दल ठेवणार?"

"रोज बसलात त्याबद्दल."

केशवरावांनी यावर विचार केला. दोन्ही बाजू तपासल्या. मग म्हणाले, "त्याबद्दल असेल तर चालेल. पण तसंच लिही. जास्त नको."

पेपर त्यानंतर काही महिन्यांनी छापून आला. करार पुढे सरकला, मृणाल अजून पुण्यातच आहे. पेपर इंग्रजीत आहे आणि मला त्यातलं फारसं समजत नाही, पण शेवटच्या पानावरचा आभाराचा मजकूर तिनं आम्हाला मराठीत वाचून दाखवला. मंडळाचे आभार आहेत, बरीच नावं आहेत. सगळ्यांत खाली एक वेगळी ओळ आहे: भोपाळचे केशव वऱ्हाडपांडे या कामासाठी रोज बसत असत, त्यांचं एकही मत मोजलेलं नाही.

केशवरावांनी तिला ती ओळ पुन्हा एकदा वाचायला लावली. मग चष्मा काढला आणि म्हणाले, "बरोबर आहे."